कोवळी ज्वारी, बाळाची घुटी आणि तीन महिन्यांची साखर

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालातून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या प्रश्नांतून मी कर्बोदकांशी नातं असलेले तेवढे वेगळे काढले. शाळेच्या पुस्तकात कर्बोदकं एका ओळीत संपतात: शरीराला ऊर्जा देणारे पदार्थ. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी निवृत्त होईपर्यंत बी.एस्सी.च्या पोरापोरींना हाच भाग शिकवला आणि त्या एका ओळीनं माझं कधीच समाधान झालं नाही. साखर कशाला जोडली आहे आणि कोणत्या बाजूनं जोडली आहे, यावर जनावराचा जीव, माणसाचा रक्तगट आणि तान्ह्या बाळाचं पोट अवलंबून असतं. पत्रं वाचली की लक्षात येईल.

मॅडम, मागच्या पावसाळ्यात आमची गाभण गाय धुऱ्याजवळच्या कोवळ्या ज्वारीत शिरली. पावसानं ओढ दिली होती, ज्वारी गुडघ्याएवढी बी नव्हती. अर्ध्या तासात गाय गेली. लोकं म्हनतात किराळ लागली. किराळ म्हंजे नेमकं काय? अन् त्याच ज्वारीचा कडबा जनावरं खातात, तेव्हा काहून काही होत नाही?
— पशुपालक, ता. दारव्हा

भाऊ, माझं माहेर गाईम्हशींचं आहे. गाभण गाय गेली म्हणजे घरातून काय काय जातं, हे मला सांगावं लागत नाही. म्हणून तुमच्या पत्राचं उत्तर सगळ्यात आधी आणि सविस्तर देते.

ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचा पदार्थ असतो. १९०२ साली डन्स्टन आणि हेन्री या रसायनशास्त्रज्ञांनी तो ज्वारीतून वेगळा काढून दाखवला. धुरिन म्हणजे ग्लुकोजचा एक रेणू आणि त्याला जोडलेला दुसरा एक तुकडा. त्या तुकड्यात सायनाइड अडकलेलं असतं. साखरेला असं दुसरं काही जोडलं की त्या पदार्थाला ग्लायकोसाइड म्हणतात. ग्लुकोज जोडलेला आहे तोवर धुरिन निरुपद्रवी असतं आणि पानाच्या वरच्या थरातल्या पेशींत पडून राहतं. हा जोड तोडणारं एन्झाइमही त्याच पानात असतं, पण आतल्या थरात. पीक उभं आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. गाईनं पान चावलं की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात, ग्लुकोज सुटून जातो आणि उरलेला तुकडा एकटा टिकत नाही. तो फुटतो आणि हायड्रोजन सायनाइड बाहेर पडतं. किराळ लागणं म्हणजे ही सायनाइडची बाधा.

हे विष पेशीतलं ऑक्सिजन वापरणारं शेवटचं एन्झाइमच बंद पाडतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून किराळ लागलेल्या जनावराच्या हिरड्या आणि पापण्यांची आतली बाजू लालभडक दिसते. तोंडाला फेस येतो, जनावर धापा टाकतं, झोकांड्या खातं आणि कोसळतं.

पावसानं ओढ दिली की ज्वारीची वाढ खुंटते आणि धुरिन थोड्याशा पाल्यात एकवटतं. कापणीनंतर बुडख्यातून येणारे कोवळे फुटवे तितकेच धोक्याचे. युरिया जास्त पडला असेल तर धोका आणखी वाढतो. पीक निसवून फुलोऱ्यावर आलं की प्रमाण उतरतं. कापून वाळवलं की पेशी फुटतात, सायनाइड वायू होऊन उडून जातं, म्हणून वाळलेला कडबा जनावरं वर्षभर निवांत खातात. मुरघास केला तरी प्रमाण कमी होतं. तेव्हा नियम साधा ठेवा: ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत तिच्या वावराकडे जनावर फिरकू द्यायचं नाही, आणि पावसाचा खंड पडलेल्या वर्षी तर राखणीला माणूस बसवायचा.

किराळ लागलेल्या जनावराला गुळाचं पाणी पाजलं तर उपयोग होतो का, हेही तुम्ही पुढे विचारलं आहे. त्यामागं रसायन आहे. ग्लुकोजसारख्या साखरेच्या टोकाला सायनाइड जोडलं जातं, हे किलियानी या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८८०च्या दशकात दाखवलं आणि पुढे साखरांची रचना उलगडायला हीच क्रिया कामी आली. पण ती संथ आहे. गाय दहा-पंधरा मिनिटांत कोसळते. शिवाय धापा टाकणाऱ्या जनावराला नळीनं पाजताना पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं. गुळात वेळ घालवू नका, आधी डॉक्टरला फोन लावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा नंबर गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. डॉक्टर शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात. हे औषध मेडिकलमधून आणून स्वतः टोचायचं नाही, याचं कारण ऐका. युरिया खाल्लेल्या ज्वारीत नायट्रेटही साचतं. नायट्रेटची बाधा झालेल्या जनावराचं रक्त चॉकलेटी पडतं, आणि त्याला नायट्राइट टोचलं तर तेच त्याला मारतं. लाल की चॉकलेटी हे ओळखणं पशुवैद्याचंच काम.

कापूस आणि ज्वारीचं पीठ दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले असतात, असं आमच्या पुस्तकात आहे. मग माणसाला भाकर पचते आणि कापूस का पचत नाही? गाईला पऱ्हाटीचा पाला कसा पचतो?
— इयत्ता नववीची विद्यार्थिनी, ता. आर्णी

बेटा, दोन्हींत ग्लुकोज तोच आहे, जोड वेगळा आहे. ग्लुकोजचं कडं दुसऱ्याला जोडलं जातं तेव्हा जोड एकतर खालच्या बाजूनं होतो किंवा वरच्या. खालच्याला अल्फा म्हणतात, वरच्याला बीटा. ज्वारीच्या स्टार्चमध्ये सगळे जोड अल्फा आहेत. त्यामुळे साखळी वळत जाते, पाणी तिच्यात शिरतं, शिजवली की ती फुलते. कापसाच्या सेल्युलोजमध्ये जोड बीटा आहेत. त्यात प्रत्येक पुढचं कडं उलटं फिरतं, साखळी सरळ ताठ राहते, आणि अशा हजारो ग्लुकोजच्या साखळ्या शेजारीशेजारी इतक्या घट्ट बसतात की पाण्यालाही आत वाव मिळत नाही. तुझ्या अंगावरचा सुती फ्रॉक धुण्यात विरघळत नाही तो यामुळेच.

ग्लुकोजच्या अशा साखळ्यांतले फक्त अल्फा जोड तोडणारं एन्झाइम माणसाच्या लाळेत आणि आतड्यात आहे. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८९४ साली नेमकं हेच पाहिलं. यीस्टमधलं एन्झाइम अल्फा जोड तोडत होतं, बीटाला हात लावत नव्हतं. बदामातलं एन्झाइम याच्या उलट वागत होतं. त्यावरून त्यानं कुलूप आणि किल्लीची उपमा दिली, जी आज तुमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात असते. १९०२चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

गाईकडेही सेल्युलोज तोडणारं स्वतःचं एन्झाइम नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात राहणारे जिवाणू ते काम करतात. ते सेल्युलोजपासून अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्ल बनवतात आणि गाय त्यांच्यावर जगते. तिला लागणारा ग्लुकोज ती आपल्या यकृतात मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लापासून तयार करते. गाय एवढा कडबा खाते, पण त्यातला ग्लुकोज ग्लुकोज म्हणून तिच्या रक्तात फारसा पोचतच नाही. ही गोष्ट मला अजूनही अद्भुत वाटते.

बाबांना डायबेटीस आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच्या गोळीत आता व्होग्लिबोज वाढवलं आहे. तेव्हापासून पोट फुगतं. परवा वावरात त्यांना घाम सुटला, हात थरथरले. आम्ही चमचाभर साखर दिली, पण बराच वेळ बरं वाटलं नाही. असं का झालं?
— शेतकरी, ता. मानोरा

भाऊ, तुमच्या प्रश्नासाठी ही जागा कितीही दिली तरी कमी आहे, कारण ही गोष्ट गोळी देताना बहुतेकांना कुणी सांगत नाही.

व्होग्लिबोज हा साखरेसारखा दिसणारा रेणू आहे. साखरेच्या कड्यात एक ऑक्सिजनचा अणू असतो. इथे त्याच्या जागी कार्बन आहे, आणि नायट्रोजनही जोडलेला आहे. आतड्याच्या भिंतीवरचं एन्झाइम त्याला साखर समजून धरतं, पण तोडू शकत नाही आणि अडकून पडतं. मग भाकरीतला स्टार्च आणि चहातली साखर हळूहळू तुटतात आणि जेवणानंतरची रक्तातली साखर एकदम उसळत नाही. म्हणूनच ही गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते. जेवण झाल्यावर तासाभरानं घेतली तर तिचा उपयोग नाही. न तुटलेला भाग मोठ्या आतड्यात जातो, तिथले जिवाणू तो आंबवतात, पोट फुगतं. काही आठवड्यांत हा त्रास बहुतेकांचा कमी होतो.

आता त्या दुपारचं. साखर खाली आणली ती ग्लिमेपिराइडनं. व्होग्लिबोज एकट्यानं सहसा तसं करत नाही. तुम्ही दिलेली साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. ती तुटल्याशिवाय रक्तात जात नाही, आणि तोडणारं एन्झाइम तर गोळीनं अडवून धरलेलं. म्हणून बरं वाटायला उशीर झाला. अशा वेळी थेट ग्लुकोज द्यायचा. तो तोडावा लागत नाही. मेडिकलमध्ये ग्लुकोजची पावडर मिळते. पाकिटावर ग्लुकोज किंवा डेक्स्ट्रोज लिहिलेलं आणि साखर न मिसळलेलं बघून घ्या. पंधरा-वीस ग्रॅम पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी मशीनवर तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. एक पुडी घरात, एक बाबांच्या वावरातल्या पिशवीत ठेवा. आणि ही घटना डॉक्टरांना सांगा, गोळीचं प्रमाण बदलावं लागू शकतं.

ज्वारी खाल्ल्यानं साखर वाढत नाही का, हेही तुम्ही विचारलं आहे. वाढते. ज्वारीच्या दाण्यात साधारण सत्तर टक्के स्टार्चच असतो. तंतू आणि प्रथिनांच्या वेढ्यामुळे तो जरा सावकाश पचतो एवढंच. भाकरी मोजूनच खायच्या, पण बंद करायची गरज नाही.

मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्या गावात सिकलसेलच्या, एसएस पॅटर्नच्या (नुसत्या वाहक नव्हे, प्रत्यक्ष आजार असलेल्या) एक बाई आहेत. ग्लुकोमीटरवर जेवणानंतरची साखर २४०च्या आसपास येते. पण लॅबमध्ये तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, अगदी नॉर्मल आली. घरचे म्हणतात मशीन खोटं आहे. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?
— आशा कार्यकर्ती, चंद्रपूर जिल्हा

ताई, मशीनवर. आणि त्या बाईंना लवकर डॉक्टरांकडे न्या. तुमच्या डोक्यात हा प्रश्न आला याबद्दल तुमचं मनापासून कौतुक करते.

एचबीए१सी म्हणजे काय ते पाहू. रक्तातला ग्लुकोज हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या सुरुवातीच्या व्हॅलिन या अमिनो आम्लाला आपोआप चिकटतो, कोणत्याही एन्झाइमशिवाय. आधी हा जोड सैल असतो, मग रेणूतले अणू जागा बदलतात आणि तो पक्का होतो. तेहरानच्या सॅम्युअल राहबर यांना १९६०च्या दशकाच्या अखेरीस डायबेटीसच्या रुग्णांच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन आढळलं आणि त्यातून ही तपासणी पुढे आली. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या दिवसांत किती ग्लुकोज चिकटला, त्यावरून तीन महिन्यांचा अंदाज बांधता येतो.

सिकलसेलच्या एसएस रुग्णाची तांबडी पेशी दहा-वीस दिवसच जगते. ग्लुकोज चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून आकडा खोटाच कमी येतो. शिवाय एचबीए१सी मोजायचं ते ए प्रकारच्या हिमोग्लोबिनवर. एसएस रुग्णात ते नसतंच, मग कित्येक यंत्रं जो आकडा छापतात त्याला अर्थ नसतो. रक्त चढवलेलं असेल तर तो आकडा रक्तदात्याच्या पेशींचाही असतो. एएस, म्हणजे वाहक असलेल्यांतही यंत्राच्या पद्धतीप्रमाणे थोडा फरक पडू शकतो.

अशा रुग्णांना शिरेतून घेतलेल्या रक्तातली उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघावी लागते, किंवा फ्रुक्टोसॅमिन ही तपासणी करता येते. तीत ग्लुकोज चिकटलेली रक्तद्रवातली प्रथिनं मोजतात आणि दोन-तीन आठवड्यांचा अंदाज मिळतो. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. इतक्या वर्षांनी तरी विदर्भातल्या प्रत्येक लॅबच्या फॉर्मवर ‘सिकलसेल आहे का’ असा एक रकाना असायला हवा, असं मला फार तीव्रतेनं वाटतं.

सिकलसेलच्या कळांशीही साखरेचा काही संबंध आहे का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, त्या वेदनेतही साखर येते. पांढऱ्या पेशींवर चार साखरांचा एक छोटा गुच्छ असतो: सियालिक आम्ल, गॅलॅक्टोज, फ्युकोज आणि एन-अ‍ॅसिटिल ग्लुकोसॅमिन. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं या गुच्छाला धरतात, पेशी चिकटतात, विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी त्यांत अडकतात, रक्ताची वाट बंद होते आणि कळा सुरू होतात. याच गुच्छाची नक्कल करणारं रिव्हिपॅनसेल नावाचं औषध तयार केलं गेलं, ते सिलेक्टिनची जागा आधीच अडवतं. २०१९ मध्ये मोठ्या चाचणीत त्याचा अपेक्षित फायदा दिसला नाही. सिलेक्टिनलाच अडवणाऱ्या क्रिझानलिझुमॅब या दुसऱ्या औषधाला त्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली, पण पुढच्या चाचणीत ते टिकलं नाही आणि २०२३ मध्ये युरोपनं मान्यता काढून घेतली. तेव्हा कुणी नव्या महागड्या इंजेक्शनचं नाव सांगून पैसे मागितले तर सावध राहा. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या नियमित घेणं, भरपूर पाणी आणि ताप आला की लगेच दवाखाना, हे आजही सगळ्यात मोलाचं आहे.

मुलगी म्हणते, रक्तगट म्हणजे साखरेचा फरक. खरं आहे का?
— शिक्षक, ता. पुसद

अगदी खरं, सर. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरांच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाशी गॅलॅक्टोज आणि त्याला जोडलेला फ्युकोज असेल तर तो ओ गट. त्याच गॅलॅक्टोजला आणखी एक गॅलॅक्टोज जोडला गेला तर बी गट. त्याऐवजी एन-अ‍ॅसिटिल गॅलॅक्टोसॅमिन जोडला गेला तर ए गट. म्हणजे ए आणि बी यांत फरक एका साखरेतल्या एका जागेचा: तिथे हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) आहे की अ‍ॅसिटिल-अमिनो (नायट्रोजन असलेला गट). तेवढ्यावरून चुकीचं रक्त चढलेला माणूस दगावू शकतो.

आणि फ्युकोजच नसेल तर? १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा रक्तगट जगासमोर आणला. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. अशी माणसं आपल्याकडे दहा हजारांत एखादंच. साध्या तपासणीत त्यांचा गट ओ दिसतो, पण त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नाही, कारण त्यांच्या शरीरात फ्युकोजवाल्या साखळीविरुद्ध प्रतिपिंडं असतात. त्यांच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशी टाकल्या की गुठळ्या होतात आणि मग गट ओळखू येतो. रक्तपेढीत क्रॉसमॅच करायला लागणारा वेळ म्हणूनच वाया गेलेला नसतो. रुग्णाच्या नातेवाइकांनी त्यासाठी घाई करू नये.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली आहे. विहीणबाई म्हणतात मध चाटवा, घुटी द्या. सिस्टर म्हणतात पाणीसुद्धा नको. आम्ही तर सगळी पोरं घुटीवरच वाढवली. नुसत्या दुधात असं काय आहे?
— एक आजी, ता. घाटंजी

मावशी, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. सिस्टर म्हणतात तसंच करा, आणि का करायचं ते विहीणबाईंना माझ्या नावानं वाचून दाखवा.

आईच्या दुधात पाणी सोडलं तर सगळ्यात जास्त असते दुधातली साखर, लॅक्टोज. त्यानंतर स्निग्धांश. आणि तिसऱ्या क्रमांकावर आहेत लॅक्टोजवरच आणखी साखरा जोडून बनलेल्या लहान साखळ्या. एका लिटरमध्ये साधारण पाच ते पंधरा ग्रॅम, आणि सुरुवातीच्या पिवळ्या चिकात त्याहून जास्त. आजवर त्यांचे दोनशेच्या आसपास प्रकार सापडले आहेत. गाईच्या दुधात त्या अगदी नगण्य असतात. गंमत म्हणजे बाळाला त्या पचतच नाहीत! मग आईचं शरीर एवढे कष्ट घेऊन त्या कशाला बनवतं? बाळाच्या आतड्यातल्या बिफिडो जातीच्या चांगल्या जिवाणूंसाठी. ते त्यांवर वाढतात, आम्ल तयार करतात आणि रोगजंतूंना तिथे राहणं अवघड होतं. दुसरं असं की जुलाबाचे काही जंतू आतड्याच्या पेशींवरच्या साखरांना धरून चिकटतात. दुधातल्या साखळ्या तशाच दिसतात, जंतू त्यांनाच धरतात आणि शीबरोबर बाहेर जातात.

मध, घुटी, साखरेचं पाणी दिलं की बाळ तेवढं दूध कमी पितं आणि उगाळताना, चाटवताना जंतू आत जातात. मधात बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते उगवून विष तयार करतात. म्हणून वर्ष होईपर्यंत मध अजिबात नको, आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको. पिवळा चीक तर एक थेंबही पिळून टाकू नका. तुम्ही पोरं कष्टानं वाढवलीत, त्या काळी ही माहिती कुणाकडेच नव्हती.

दीड महिन्यानं पेंटाव्हॅलंटची लस घ्यायला जाल, तेव्हा त्यातही साखर आहे हे लक्षात असू द्या. हिब या जंतूभोवती साखरेचं वेष्टन असतं. दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसत्या त्या साखरेला नीट ओळखत नाही. म्हणून लशीत ती साखर एका प्रथिनाला जोडलेली असते, आणि मग बाळाला मेंदूज्वर आणि न्यूमोनियापासून संरक्षण मिळतं. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचा एकही डोस चुकवू नका.

धावड्याच्या डिंकानं बाळंतिणीची हाडं भरून येतात का?
— गृहिणी, ता. धारणी

डिंक म्हणजे अ‍ॅरॅबिनोज, गॅलॅक्टोज, ग्लुकुरॉनिक आम्ल अशांची फांद्या फुटलेली मोठी साखळी. आपल्याला ती पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात, पोट साफ व्हायला मदत होते. ताकद येते ती लाडवातल्या तूप, कणीक, खोबरं, गूळ आणि सुक्यामेव्यातून. लाडू अवश्य द्या, पण लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू नका.

मी गडचिरोली जिल्ह्यातला, एम.एस्सी. रसायनशास्त्राचा विद्यार्थी. प्रोजेक्टला कर्बोदकं घ्यायची इच्छा आहे. सगळे म्हणतात, साखरेचं रसायन किचकट आहे आणि त्यात पुढे काही नाही. तुमचं मत?

किचकट आहे, हे खरं. ग्लायसिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू जोडले तर एकच डायपेप्टाइड, म्हणजे एकाच प्रकारची जोडी, मिळते. दोन ग्लुकोजची सहा अणूंची कडी जोडायची म्हटली तर अकरा वेगवेगळी डायसॅकराइड, म्हणजे दोन साखरांच्या जोड्या, होऊ शकतात. ग्लुकोजवर पाच हायड्रॉक्सिल गट आहेत आणि रसायनदृष्ट्या ते एकमेकांसारखे. त्यातल्या एकावर क्रिया करायची तर बाकीचे झाकावे लागतात, नंतर उघडावे लागतात, आणि जोड अल्फा व्हावा की बीटा यासाठी पुन्हा वेगळी मेहनत. रक्त गोठू न देणारं फोंडापॅरिनक्स हे औषध म्हणजे फक्त पाच साखरांची साखळी, पण प्रयोगशाळेत ती बांधायला पन्नासहून अधिक पायऱ्या लागल्या. २००१ मध्ये ते मंजूर झालं.

एवढे कष्ट का घ्यायचे, याचं उत्तर २००८ साली मिळालं. हेपॅरिन हे डायलिसिसला लागणारं औषध, तीही साखरांची साखळीच, डुकराच्या आतड्यातून काढतात. त्यात ज्यादा सल्फेट चढवलेलं कॉन्ड्रॉइटिन, ही दुसरीच साखळी, मिसळलेलं सापडलं आणि अमेरिकेत कित्येक रुग्ण दगावले. तेव्हाच्या नेहमीच्या तपासण्यांना दोन साखळ्यांमधला फरक कळला नव्हता. तो एनएमआरनं, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना वाचणाऱ्या यंत्रानं पकडला. साखरेची रचना वाचता येणारी माणसं किती हवी आहेत, हे त्यावरून समज. आणि २००४ साली क्यूबासारख्या छोट्या देशानं हिबच्या लशीतली साखर पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवून लस तयार केली. पैसा आणि साधनं कमी असताना केलेलं हे काम आहे. पुढे काही नाही, हे मला अजिबात मान्य नाही.

तुझ्या कॉलेजात एनएमआर नसेल. त्याशिवायही चांगलं काम होतं. वरच्या ताईंच्या डिंकापासून सुरुवात कर. धावडा तुमच्या जंगलातही आहे. डिंक गोळा करणाऱ्या एखाद्या माणसाबरोबर जाऊन झाड स्वतः ओळख, दुकानातला मिसळलेला माल घेऊ नकोस. डिंक पाण्यात विरघळव, गाळ, अल्कोहोल घालून साका बसव, आणि सौम्य सल्फ्युरिक आम्लात वेगवेगळ्या वेळेपर्यंत उकळ. बाहेरच्या फांद्यांवरचा अ‍ॅरॅबिनोज आधी सुटतो, आतला गॅलॅक्टोज उशिरा. प्रत्येक नमुना बेरियम कार्बोनेटनं उदासीन करून कागदी क्रोमॅटोग्राफीला (कागदावर साखरा एकमेकींपासून वेगळ्या करण्याच्या पद्धतीला) लाव: ब्युटेनॉल, अ‍ॅसेटिक आम्ल आणि पाणी ४:१:५, वरचा थर वापरायचा. शेजारी शुद्ध साखरांचे ठिपके हवेतच. अ‍ॅनिलीन हायड्रोजन थॅलेट फवारून कागद १०५ अंशांना तापव. पाच कार्बनच्या साखरा लाल उमटतात, सहा कार्बनच्या तपकिरी. वेळेप्रमाणे लाल आणि तपकिरी ठिपके कसे बदलत गेले याचा तक्ता कर. एवढ्यावरून साखळीत कोण बाहेर आहे आणि कोण आत, हे तुला सांगता येईल. अ‍ॅनिलीन विषारी आहे, फवारा धूरकपाटातच मारायचा, आणि बेरियमचे क्षार मोरीत ओतायचे नाहीत. क्रोमॅटोग्राफीचे कागद मिळत नसतील तर मला लिही, माझ्याकडे थोडे आहेत.